छेदावरील आकृत्या आणि ऊतकातील पेशी : प्रतिमा-विश्लेषणाने करावयाच्या मापनाचा विचार

ऊतकातील पेशींची संख्या, त्यांचे आकारमान व त्यांच्या पृष्ठांचा विस्तार यांचे मापन सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या प्रतिमांवरून संगणकाच्या साहाय्याने करण्याची पद्धत आता जीवविज्ञानाच्या प्रयोगशाळांतून रूढ झाली आहे. ज्या मोजणीस पूर्वी संशोधकाचे कित्येक आठवडे खर्ची पडत, ती आता काही मिनिटांत उरकते, आणि तिचे फल दशांशचिन्हापुढील अनेक स्थळांपर्यंत हाती येते. या सुलभतेमुळे हाती आलेले आकडे नेमके कशाचे आहेत, हा प्रश्न विचारावयाचा मात्र पुष्कळदा राहून जातो. संगणक मोजतो ती छेदावरील आकृती. संशोधकास जाणून घ्यावयाची असते ती ऊतकातील पेशी. या दोहोंमधील अंतर कोणत्या नियमांच्या आधारे ओलांडता येते, आणि ते नियम दृष्टीआड केल्यास निष्कर्ष कसे चुकतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. छेद घेतला असता काय घडते?

पॅराफिनमध्ये बसविलेल्या ऊतकाचा मायक्रोटोमने काढलेला नेहमीचा छेद सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. यकृताची किंवा मज्जासंस्थेची मोठी पेशी याहून कित्येक पटींनी उंच असते. अर्थात् काचपट्टीवर दिसते ती संपूर्ण पेशी नसून तिचा एक पातळ काप असतो. छेदामुळे प्रत्येक वस्तूची एक मिती नाहीशी होते. घन वस्तूच्या जागी क्षेत्र दिसते, पृष्ठाच्या जागी रेषा दिसते आणि केशवाहिनीसारख्या लांब वस्तूच्या जागी ठिपका दिसतो.

या बदलाचे स्वरूप एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. बुंदीच्या लाडवावर मधोमध सुरी फिरवावी आणि कापलेल्या पृष्ठभागाकडे पाहावे. सर्व कळ्या अगदी एकाच मापाच्या असल्या, तरी पृष्ठभागावर लहानमोठी वर्तुळे दिसतात, कारण सुरी काही कळ्यांच्या मध्यातून व काहींच्या कडेने गेलेली असते. गणिताने असे दाखविता येते की, समान व्यासाच्या गोलांवर पडलेल्या अतिशय पातळ यादृच्छिक छेदांतील वर्तुळांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या केवळ ०·७९ पट भरतो, आणि शंभरांपैकी सुमारे १३ वर्तुळे खऱ्या व्यासाच्या निम्म्याहूनही लहान असतात. हा हिशेब ज्यास ठाऊक नाही, त्यास एकाच जातीच्या केंद्रकांत 'लहान' व 'मोठी' असे दोन प्रकार आढळल्याचा भास होणे अगदी स्वाभाविक आहे.

लाडवाच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. लाडवात मोठ्या व लहान कळ्या सारख्याच संख्येने मिसळल्या, तर सुरीखाली मोठ्या कळ्या अधिक सापडतील. जी वस्तू उंच, तिला छेदाची गाठ पडण्याचा संभव अधिक. छेद हा वस्तूंची निवड त्यांच्या संख्येच्या प्रमाणात करीत नाही. तो त्यांच्या उंचीच्या प्रमाणात करतो. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या एका वाक्यात आहे.

२. खडकांच्या अभ्यासातून आलेले नियम

सपाट छेदावरून घन वस्तूचे मोजमाप करण्याचा प्रश्न प्रथम भूवैज्ञानिकांपुढे उभा राहिला. फ्रेंच भूवैज्ञानिक आशिल देलेस यांनी १८४७ साली असे दाखविले की, खडकाच्या घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर एखाद्या खनिजाने जितका क्षेत्रांश व्यापलेला असतो, तितकाच घनांश त्याने सरासरीने संपूर्ण खडकात व्यापलेला असतो. खनिजांच्या आकृत्या तेलकट कागदावर गिरवून, तो कागद कथिलाच्या पत्र्यावर चिकटवून, आकृत्या कापून काढावयाच्या व त्यांचे वजन करावयाचे, अशी त्यांची रीत होती. १८९८ साली ऑस्ट्रियातील रोझिवाल यांनी क्षेत्राऐवजी रेषा पुरेशी होते असे दाखविले, आणि १९३३ साली रशियातील ग्लागोलेव्ह यांनी रेषेऐवजी बिंदूही चालतात असे प्रतिपादिले. छेदावर समान अंतरावरील बिंदूंची जाळी ठेवावी आणि किती बिंदू इष्ट वस्तूवर पडले ते मोजावे. त्यांचे एकूण बिंदूंशी असलेले प्रमाण हाच घनांश होय. ऊतकांच्या अभ्यासात ही बिंदुपद्धती चॉकली यांनी १९४३ साली आणली. वस्तूचा आकार कसाही असला, तरी हा नियम बाधित होत नाही, हे त्याचे मोठे सामर्थ्य आहे.

पृष्ठफळाचा नियमही असाच सोपा आहे. बुफाँ यांनी १७७७ साली प्रसिद्ध केलेल्या सुई टाकण्याच्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे. छेदावर ज्ञात लांबीच्या रेषा ठेवून त्या इष्ट पृष्ठाच्या कडेला किती वेळा छेदतात हे मोजले, तर एकक लांबीतील अशा छेदनांच्या संख्येची दुप्पट म्हणजे एकक घनफळातील पृष्ठफळ होय. परंतु येथे एक अट आहे. छेदाची दिशा यादृच्छिक हवी. स्नायूचे तंतू किंवा वृक्काच्या मज्जाभागातील नलिका एकाच दिशेने धावतात. त्यांचे केवळ आडवे छेद घेऊन काढलेले पृष्ठफळ एक येते व केवळ उभे छेद घेऊन काढलेले दुसरेच येते. ही अडचण दूर करण्यासाठी बॅडली, गुंडरसन व क्रूझ-ओरिव्ह यांनी १९८६ साली उभ्या छेदांची एक पद्धत सुचविली. तीत एक अक्ष निश्चित ठेवून त्याभोवती ऊतक यादृच्छिकपणे फिरविले जाते व सरळ रेषांऐवजी चक्रज वक्रांची जाळी वापरली जाते.

या सर्व नियमांच्या समुच्चयास 'स्टिरिऑलॉजी' हे नाव १९६१ साली मिळाले. हान्स एलियास यांच्या पुढाकाराने त्या वर्षी जर्मनीतील फेल्डबर्ग येथे शरीररचनाशास्त्र, धातुविज्ञान, भूविज्ञान व गणित या क्षेत्रांतील काही अभ्यासक एकत्र आले. धातूतील कणांचा, खडकातील खनिजांचा व यकृतातील पेशींचा प्रश्न एकच आहे, हे त्या प्रसंगी उघड झाले. मराठीत या शास्त्रास 'छेदमिती' म्हणावयास हरकत नाही.

३. संख्येचा प्रश्न

घनांश व पृष्ठफळ यांचे नियम हाती असताना संख्येचा प्रश्न मात्र दीर्घकाळ अवघड राहिला. छेदावरील आकृत्या मोजून पेशींची संख्या कळेल असे सकृद्दर्शनी वाटते; परंतु छेद वस्तूंची निवड उंचीच्या प्रमाणात करीत असल्याने आकृत्यांची संख्या ही पेशींची संख्या व त्यांची उंची या दोहोंवर अवलंबून राहते.

समजा, केंद्रकांचा व्यास १० मायक्रोमीटर असून छेदाची जाडी ५ मायक्रोमीटर आहे. ज्या केंद्रकाचा कोणताही अंश छेदात आला ते केंद्रक छेदावर दिसते. म्हणून छेदावरील आकृत्या वस्तुतः १५ मायक्रोमीटर जाडीच्या थरातील केंद्रकांच्या असतात. केवळ छेदाच्या जाडीने हिशेब केल्यास संख्या तिप्पट येते. आता एखाद्या विकारामुळे वा वयोमानामुळे केंद्रके आकसून त्यांचा व्यास ७ मायक्रोमीटर झाला, परंतु एकही पेशी मेली नाही, असे समजू. या खेपेस आकृत्या १२ मायक्रोमीटरांच्या थरातून येतील, आणि त्यांची संख्या पूर्वीच्या १५ स १२ या प्रमाणात, म्हणजे २० टक्क्यांनी घटलेली दिसेल. एकही पेशी न गमावता 'पेशींचा २० टक्के नाश' असा निष्कर्ष निघेल, आणि संख्याशास्त्रीय कसोट्या त्यास दुजोरा देतील, कारण आकृत्यांतील फरक खरोखरच अस्तित्वात आहे. तो ज्या गोष्टीचा समजला गेला तिचा मात्र नाही.

या दोषावर ॲबरक्रॉम्बी यांनी १९४६ साली एक दुरुस्ती सुचविली. मोजलेल्या आकृतिसंख्येस छेदाच्या जाडीने गुणावे आणि छेदाची जाडी व केंद्रकाची सरासरी उंची यांच्या बेरजेने भागावे, असे तिचे स्वरूप आहे. तत्त्वतः ती बरोबर आहे. परंतु केंद्रकाची सरासरी उंची आधी ठाऊक असावी लागते, आणि ती त्याच छेदांवरून काढावयाची तर केंद्रकांच्या आकाराविषयी काही गृहीत धरावे लागते. शिवाय कडेचे अगदी लहान काप नजरेतून निसटतात. जे मोजावयाचे तेच आधी ठाऊक असावे, अशी ही अडचण आहे.

घनतेचा प्रश्न याहून वेगळा, परंतु तितकाच फसवा आहे. ऊतक स्थिर करणे, निर्जल करणे व पॅराफिनमध्ये बसविणे या क्रियांत ते आकसते. प्रत्येक दिशेस २० टक्के आकसलेल्या ऊतकाचे घनफळ मूळच्या सुमारे ५१ टक्केच उरते, आणि त्यातील पेशींची घनता जवळजवळ दुप्पट दिसते. दोन गटांतील ऊतके सारखीच आकसली असतील, तर तुलना बिघडत नाही. परंतु ती सारखीच आकसतात असे मानण्यास पूर्वपुरावा लागतो.

या दोन्ही चुकांचे परिणाम मेंदूच्या अभ्यासात ठळकपणे दिसून आले. हॅरॉल्ड ब्रॉडी यांनी १९५५ साली मानवी प्रमस्तिष्काच्या बाह्यकातील मज्जापेशींची छेदांवरून मोजणी प्रसिद्ध केली. वाढत्या वयाबरोबर बाह्यकाच्या अनेक भागांत पेशींची मोठी घट होते, असे त्यांच्या आकड्यांवरून दिसत होते. वार्धक्य म्हणजे मज्जापेशींचा सततचा ऱ्हास, ही समजूत पुढे पाठ्यपुस्तकांतून व सर्वसामान्य लोकांतही रुजली. परंतु तरुण व्यक्तींच्या मेंदूचे ऊतक प्रक्रियेत वृद्धांच्या ऊतकापेक्षा अधिक आकसते, असे हाउग यांना नंतर आढळून आले. म्हणजे तरुण मेंदूतील घनता मुळात अधिक भासत होती. १९९७ साली पाकेनबर्ग व गुंडरसन यांनी २० ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तींच्या ९४ मेंदूंतील बाह्यकाच्या एकूण पेशी नव्या पद्धतीने मोजल्या. तेव्हा संपूर्ण वयोमर्यादेत घट केवळ १० टक्क्यांच्या आसपास भरली. पुरुषांत या पेशी सरासरीने सुमारे २३ अब्ज व स्त्रियांत सुमारे १९ अब्ज होत्या. वेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखविले की, अल्झायमर विकारात स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसच्या एका विशिष्ट भागातील पेशींचा मोठा नाश होतो, परंतु सामान्य वार्धक्यात त्या भागातील पेशींत तशी घट आढळत नाही. वार्धक्य ही त्या विकाराचीच सौम्य अवस्था आहे काय, या महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मोजणीच्या पद्धतीवर येऊन ठेपले होते.

४. डायसेक्टर व अंशगणना

ज्या नव्या पद्धतीचा वर उल्लेख केला, तिचे तत्त्व १९८४ साली प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव डी. सी. स्टीरिओ असे छापले होते. ते टोपणनाव होते. त्यातील रोमन अक्षरांचा क्रम बदलला असता 'डायसेक्टर' हे पद्धतीचेच नाव तयार होते.

या पद्धतीत एकाऐवजी दोन समांतर छेद घेतात. त्यांमधील अंतर ज्ञात असते व ते वस्तूच्या उंचीपेक्षा पुष्कळ कमी, साधारणतः तिच्या एकतृतीयांशापर्यंत, ठेवतात. पहिल्या छेदात दिसणाऱ्या परंतु दुसऱ्यात न दिसणाऱ्या वस्तू तेवढ्या मोजावयाच्या. अशी वस्तू दोन छेदांच्या दरम्यान संपलेली असते, म्हणजे तिचे शिखर त्या दरम्यान आहे. वस्तू लहान असो वा मोठी, गोल असो वा वेडीवाकडी, तिला त्या दिशेने शिखर एकच असते; म्हणून उंच वस्तू अधिक वेळा मोजली जाण्याचा संभवच उरत नाही. क्षेत्राच्या कडेवर पडलेल्या आकृत्यांसाठी मोजणीच्या चौकटीच्या दोन लगतच्या बाजू व त्यांच्या वाढविलेल्या रेषा 'वर्ज्य' ठरवितात. त्यांस स्पर्श करणारी आकृती मोजावयाची नाही. जाड छेदात सूक्ष्मदर्शकाचा केंद्रबिंदू खालीवर सरकवून हेच काम एकाच छेदात करता येते. तेव्हा वरच्या व खालच्या पृष्ठालगतचा थोडा भाग सोडून द्यावा लागतो, कारण तेथील केंद्रकांचे काप सुरीने ओढून नेलेले असण्याचा संभव असतो.

आकसण्याची अडचण अंशगणनेने दूर होते. समजा, संपूर्ण अवयवाच्या छेदांपैकी दर दहावा छेद घेतला, त्याच्या क्षेत्राचा विसावा भाग तपासला आणि जाडीचा निम्मा भाग मोजला. तर एकूण अवयवाचा चारशेवा भाग मोजणीखाली आला. त्यात १८० केंद्रके मिळाली, तर अवयवातील एकूण संख्या १८० × ४००, म्हणजे ७२,००० ठरते. या हिशेबात घनफळ कोठेच येत नाही. म्हणून ऊतक कितीही आकसले तरी तो बिघडत नाही. अट इतकीच की, पहिल्या दहा छेदांतील प्रारंभाचा छेद चिठ्ठी टाकून निवडावा, आणि त्यानंतरचा क्रम अढळ ठेवावा. संशोधकास 'चांगला' वाटलेला छेद निवडणे हे या पद्धतीत सर्वांत मोठे पाप आहे.

या तत्त्वाने फुप्फुसांविषयीची माहितीही सुधारली. वायबेल व गोमेझ यांनी १९६२ साली मानवी फुप्फुसांतील वायुकोशांची संख्या सुमारे ३० कोटी दिली होती. २००४ साली ऑक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायसेक्टरच्या तत्त्वाने सहा व्यक्तींच्या फुप्फुसांत मोजणी केली, तेव्हा सरासरी ४८ कोटी भरली, आणि व्यक्तिगत आकडे २७ कोटींपासून ७९ कोटींपर्यंत पसरलेले आढळले.

५. संगणकाचे स्थान

प्रतिमा-विश्लेषणाची यंत्रे १९६० नंतरच्या दशकात बाजारात आली. रॅसबंड यांनी १९९७ साली खुली केलेली 'इमेजजे' ही आज्ञावली आज सर्वत्र वापरात आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'यू-नेट' या जालरचनेनंतर केंद्रकांच्या सीमा ओळखण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेने करण्याची प्रथा वाढली. कोणतेही साधन घेतले, तरी कामाचे टप्पे तेच असतात : प्रतिमा घेणे, इष्ट वस्तू पार्श्वभूमीपासून विलग करणे आणि विलग केलेल्या वस्तूंचे मापन करणे.

दुसरा टप्पा सर्वांत नाजूक आहे. करड्या छटांच्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ यांमधील मूल्य असते, आणि एक सीमामूल्य ठरवून त्याच्या एका बाजूस केंद्रक व दुसऱ्या बाजूस पार्श्वभूमी असे मानले जाते. हे सीमामूल्य प्रतिमेवरूनच ठरविण्याची ओत्सू यांची १९७९ सालची पद्धत सुपरिचित आहे. परंतु रंजन थोडे गडद झाले वा दिव्याचा प्रकाश बदलला, तर सीमा सरकते. ६ मायक्रोमीटर व्यासाचे केंद्रक ०·५ मायक्रोमीटरच्या पिक्सेलांत १२ पिक्सेल रुंद दिसते. सीमा सर्व बाजूंनी केवळ एक पिक्सेल बाहेर सरकली, तर त्रिज्या ६ ऐवजी ७ पिक्सेल होते व क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते. केंद्रकांच्या आकारमानातील १० टक्के फरकावर विकाराचे निदान अवलंबून असेल, तर दोन दिवशी रंजित केलेल्या काचपट्ट्यांची तुलना किती धोक्याची आहे, हे यावरून दिसून येईल.

पृष्ठफळाच्या बाबतीत वर्धनाचाही विचार करावा लागतो. किनाऱ्याचा नकाशा जितका सूक्ष्म, तितकी किनाऱ्याची लांबी अधिक भरते. पेशींच्या पृष्ठांचेही तसेच आहे. मानवी फुप्फुसांचे श्वसनपृष्ठ प्रकाश-सूक्ष्मदर्शकाने सत्तर-ऐंशी चौरस मीटर वाटत होते. गेर, बाखोफेन व वायबेल यांनी १९७८ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते मोजले, तेव्हा ते सुमारे १४० चौरस मीटर भरले. दोन्ही मापने आपापल्या वर्धनास धरून होती. म्हणून पृष्ठफळ देताना वर्धन व पिक्सेलचे माप न देणे म्हणजे एकक न देता लांबी सांगण्यासारखे आहे.

या उणिवांमुळे संगणकाचे मोल कमी होत नाही. तो थकत नाही, प्रत्येक प्रतिमेस तोच नियम लावतो, आणि चौकटींची यादृच्छिक मांडणी मनुष्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे करतो. परंतु छेदावरील दहा लक्ष आकृत्या त्याने बिनचूक मोजल्या, तरी त्या आकृत्याच राहतात. नमुन्याची संख्या वाढविली असता यादृच्छिक चूक कमी होते. उंचीमुळे एकाच दिशेने होणारी चूक तसूभरही कमी होत नाही. उलट तिच्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा अरुंद झाल्यामुळे ती अधिक विश्वसनीय भासू लागते. प्रकाशपट्ट्याच्या सूक्ष्मदर्शकाने संपूर्ण अवयवाची त्रिमित प्रतिमा घेता येऊ लागल्याने छेदाचा प्रश्न काही अंशी सुटतो खरा. परंतु खोलीच्या दिशेने तेथील पृथक्करणक्षमता कमी असते, आणि ऊतक पारदर्शक करताना ते आकसते किंवा फुगते.

६. कार्याचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा जो क्रम निष्पन्न होतो, तो असा. प्रथम प्रश्न निश्चित करावा : एकूण संख्या हवी, घनांश हवा, की पृष्ठफळ हवे? त्यानुसार छेदांची जाडी, दिशा व निवड ऊतक कापण्यापूर्वीच ठरवावी, कारण एकदा ऊतक कापले गेले की ही चूक कोणत्याही आज्ञावलीने दुरुस्त होत नाही. संख्येसाठी डायसेक्टरखेरीज अन्य मार्ग स्वीकारल्यास त्याचे कारण व गृहीत गोष्टी स्पष्टपणे नोंदवाव्यात. घनता दिली, तर अवयवाचे एकूण घनफळही द्यावे. यंत्राने आखलेल्या सीमा काही चौकटींत हाताने आखलेल्या सीमांशी ताडून पाहाव्यात, आणि हे काम गट ठाऊक नसलेल्या व्यक्तीने करावे.

श्रमाच्या वाटणीविषयीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एका प्राण्यामागे १०० ते २०० वस्तू मोजणे बहुधा पुरेसे होते, कारण निष्कर्षातील अनिश्चिततेचा मोठा भाग प्राण्याप्राण्यांतील नैसर्गिक फरकातून येतो. चार प्राण्यांत प्रत्येकी पाच हजार केंद्रके मोजण्यापेक्षा दहा प्राण्यांत प्रत्येकी दीडशे मोजणे अधिक फलदायी ठरते. मोजणीचा वेग वाढल्याने वाचलेला वेळ अधिक आकृत्या मोजण्यात न घालविता छेदांची निवड, जाडीची पडताळणी व प्राण्यांची संख्या यांकडे वळविला, तर प्रतिमा-विश्लेषणाचा खरा लाभ पदरात पडेल.